ढोलीतला देव

माय, तुझा तो दगड कशाचा आहे ते कळलं.

तू असतीस तर पहिल्याच वाक्याला मला अडवलं असतंस, "एवढ्या वर्सानं काहून आठवण आली व तुले?" आठवण यायला आधी विसरावं लागतं ना! दगड माझ्या कपाटात स्टीलच्या डब्यात होता. कपाट आवरताना दरवर्षी हाताला लागायचा आणि मी झाकण न उघडता डबा परत आत सरकवायची. पण हे तीन आठवडे काही खरं नाही. एका जागी बसवत नाही मला. भाजी फोडणीला टाकते आणि उठून खिडकीशी जाते, मागे भाजी करपते. मागच्या आठवड्यात कचेरीत एका म्हाताऱ्याचा मोजणी नकाशा दुसऱ्याच माणसाला दिला आणि वर त्या म्हाताऱ्यावरच खेकसले. आज रविवार, दुपारची वेळ आहे. दोनदा उठले, पाणी प्याले, पंखा कमी केला, पुन्हा वाढवला, आणि आता बसलेच आहे. तुझ्याशी मी अशी कागदी मराठी कधी बोलले नाही. पण भूमी अभिलेखात तीस वर्षं घासल्यावर पेन धरलं की हीच भाषा उतरते, चालवून घे. दगडाचं सांगते आणि त्याच्यामागची एक गोष्ट सांगते, जी तुला तू जिवंत असताना सांगायला पाहिजे होती.

तो कसा आहे हे तुला सांगायला नको, पण एकदा नीट लिहून ठेवते, आम्ही शेताच्या चतुःसीमा लिहितो तशी. अंगठ्याच्या पेराएवढा. हिरवट काळा, हाताला साबणासारखा गुळगुळीत. खाली गोल, त्या गोलात बारीक पाकळ्या कोरलेल्या. वर तीन टोकं, मधलं जरा आखूड. टोकांच्या मागं एक भोक, त्यात काळा दोरा. बस, एवढाच. रोवणा, कागदी मराठीत भाताची लावणी, लागायच्या आदल्या दिवशी तू सैपाकघराच्या कोपऱ्यातल्या ढोलीत हात घालायचीस. बांबूची ती धानाची ढोली, शेणानं सारवलेली, तेव्हा माझ्या डोक्याच्या वर जायची. खांद्यापर्यंत हात धानात खुपसून तू चाचपत राहायचीस, तोंड वर कौलांकडे, जणू छतावरच काही शोधते आहेस. मग मूठ बाहेर यायची. दगड धुवायचीस, बोटानं हळद लावायचीस, नवा दोरा ओवायचीस आणि गळ्यात बांधून पोलक्याच्या आत टाकायचीस. भाताच्या बांधीत दिवसभर चिखलात पाय, त्यात साप-किरडू लागू नये म्हणून. गाठ नेहमी निरगाठ. मी एकदा म्हटलं, माय, ही सुटन कशी? तर म्हणालीस, "सुटाले कायले पाह्यजे?" रोवणा आटोपला की दोरा विळ्यावर कापायचीस आणि दगड परत धानाच्या पोटात.

हे सगळं बाबा शाळेत गेल्यावर. बाबा शाळेत चपराशी होते, पण घरात हेडमास्तर. छप्पन साली, धम्मदीक्षा झाली तेव्हा, जेमतेम बारा वर्षांचे असताना, त्यांनी स्वतःच्या हातानं घरचे सगळे देव टोपलीत घालून वैनगंगेत सोडले होते. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की टोपलीला कोणता कान तुटका होता तेही मला पाठ होतं. आपल्या घरात कुंकू नव्हतं, गंडादोरा नव्हता, हळद फक्त वरणात. आणि त्याच घरात ढोलीत तुझा देव. मी विचारलं, कोणता देव व? तू म्हणालीस, "तीन टोकं नाही दिसत का तुले? तिरसूळ हाये. माता हाये." कोणती माता? "माता म्हंजे माता." पुढं विचारायची सोय नव्हती.

आता ऐक. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या भंडाऱ्याच्या कचेरीत एक बाई आली. नागपूरहून, वयानं माझ्या निम्मी, जुन्या वस्तूंची जाणकार. तिला पवनीच्या टेकड्यांचे जुने नकाशे पाहिजे होते. मी नेहमीसारखं "अर्ज करा, पुढच्या आठवड्यात या" म्हणून पाठवणार होते, पण तिनं टेबलावर काही फोटो पसरले. पवनीत खोदकामात निघालेले दगडी खांब. त्यातल्या एका खांबावर, माय, तुझा देव. खाली गोल, गोलात पाकळ्या, वर तीन टोकं, मधलं आखूड. मी बोट ठेवून विचारलं, हे काय? ती म्हणाली, "त्रिरत्न, ताई. बुद्ध, धम्म, संघ. मूर्ती घडवायच्या आधीच्या काळात लोक अशी चिन्हं कोरत." मी तिला नकाशे त्याच दिवशी काढून दिले. कचेरीतले सगळे माझ्याकडे बघत होते, हिला आज काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. तिनं खिशातून भिंग काढलं आणि अर्धा तास दगड फिरवून फिरवून पाहिला. मी चार वेळा खुर्चीवरून उठले. मग म्हणाली, दगड मऊ आहे, शंखजिऱ्याच्या जातीचा असावा. भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं आहे आणि मध्ये जरा वाकडं भेटलं आहे, हे जुनं काम असावं. दोन हजार वर्षांपूर्वीचं असावं. मला राग आला. म्हटलं, तुमच्या खात्यात "आहे" हा शब्दच नाही का, सगळं असावं असावंच चालते? ती हसली. म्हणाली, दगड कुठं सापडला ते कळलं तर "आहे" म्हणता येईल. मग पाकळ्यांच्या फटीत नखानं दाखवलं, "हे पिवळं काय?" म्हटलं, हळद. मी पदरानं पुसायला गेले तर तिनं माझा हातच धरला. "पुसू नका, ताई. कोणीतरी याला इतकी वर्षं जपलं, तेही यावर लिहिलेलंच आहे."

घरी येऊन मी हसले. एकटीच, मोठ्यानं. बाबांपासून लपवलास तू तो दगड, त्यांच्या धम्मात बसत नाही म्हणून. आणि तो त्यांच्याच धम्माचा निघाला. त्यांना कळतं तर स्वतःच्या गळ्यात घालून साऱ्या वॉर्डात फिरले असते. मग हसणं थांबलं, कारण पुढचं आठवलं.

नऊ वर्षांची होते मी. रोवण्याचा शेवटचा दिवस होता. तू बांधीतून आलीस, चुलीपुढं बसून विळ्यावर दोरा कापलास. दगड अजून तुझ्या अंगानं कोमट होता, मी हात लावून पाहिला होता. मी विचारलं, "माय, तुह्यामांगं हा मले देशील ना?" तू हसलीस. रागानं नाही, लाडानंच हसलीस, ते मला आता कळतं. "तुले? तुह्या पोटात गोष्ट राह्यते का? हा तुह्या आत्याबाईले जाईन. ती सांभाळन." आत्याबाई म्हणजे बाबांची बहीण. तेव्हा दोन घरं सोडून राहायची, बांधीत तुझ्या शेजारची ओळ तिची. घरात न बोलता येणारं सगळं तू तिच्याशी बोलायचीस. दगडाचंही तिलाच माहीत होतं. माझं डोकं फिरलं. पोटची पोरगी मी, आणि दगड आत्याबाईला! त्याच संध्याकाळी ओसरीवर बाबांनी मला बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावल्या. मी एका दमात, न अडखळता म्हटल्या. बाबा म्हणाले, "शाब्बास व माह्या वाघिणी." आणि त्या शाब्बासकीच्या भरात मी म्हटलं, "बाबा, माय ढोलीत देव ठेवते."

म्हणजे मी सांगितलं, माय. आत्याबाईनं नाही.

बाबांनी दोनदा विचारलं, खरं का? मी दोनदा हो म्हटलं. ते म्हणाले, तू सांगितलं हे कोणाले कळणार नाही, माह्या शब्द हाये. आणि त्यांनी शब्द पाळला. त्यांनी एखादा शब्द मोडला असता तर किती बरं झालं असतं! सकाळी त्यांनी ढोली आडवी पाडली. सारं धान सैपाकघरातून अंगणापर्यंत सांडलं, कोंबड्या धावल्या, तू चुलीशी तशीच उभी. दगड सापडला तेव्हा ते ओरडलेही नाहीत. हात लांब धरून, विटाळ झाल्यासारखा, तो तुझ्यापुढं केला. "मी बारा वर्सांचा होतो तेव्हा हे काम केलं. तुले अजून जमलं नाही? जा, नदीत टाकून ये." तू गेलीस. आलीस तेव्हा लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. "टाकला?" "टाकला." त्यानंतर दिवसभर आपण दोघी अंगणातलं धान सुपानं पाखडत होतो. दुपारी तू एकदम म्हणालीस, "तिच्यासिवाय कोणालेच माहीत नोयतं." कोणाला म्हणते आहेस ते कळायला मला जरा वेळ लागला; आत्याबाईला, पोटच्या पोरीवर तुला संशयच नव्हता. कळलं तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं. मी सुपातले खडे वेचत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तू आत्याबाईशी बोलली नाहीस. भांडली असतीस तर निदान तिला कळलं असतं काय झालं ते. तू नुसतं दार लावून घेतलंस. ती एकदा पाण्याची गुंडी भरून घेऊन आली, तू ती उंबऱ्यावरच राहू दिलीस. तिच्या मुलीच्या लग्नाला गेली नाहीस. ते लोक अड्याळला राहायला गेले तेव्हा बैलबंडी आपल्या दारावरूनच गेली, आणि तू आत तांदूळ निवडत होतीस. बाबा हे सगळं पाहत होते. त्यांना समजलं असेलच. पण त्यांनी मला कधी विचारलं नाही, मी त्यांना कधी काही म्हटलं नाही, आणि आम्हा बापलेकीचं असंच चालत राहिलं ते जाईपर्यंत.

मग भंडाऱ्याचा दवाखाना. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तू पदराची गाठ दातानं सोडवायला लागलीस, मला वाटलं विड्याचं सामान आहे. निघाला दगड. "कंबरभर पाण्यात गेलो," तू म्हणालीस, "पण मूठ उघडलीच नाही." माझ्या हातात ठेवलास आणि म्हणालीस, "आता तूच राह्यली. तुह्या तोंडातून गोष्ट बाहेर जात नाही." माय, हे तू मला म्हणालीस. मला! मी मूठ मिटून घेतली.

तर आता त्या जाणकार बाईनं मला एक अर्ज दिला आहे. जुनी वस्तू जवळ असेल तर नोंद करावी लागते. नोंद झाली की ती आपल्याजवळच राहील, फक्त विकता येणार नाही, म्हणाली. अर्जात रकाने आहेत. धारकाचं नाव. वस्तू कशी मिळाली. कुठं सापडली. माहिती कोणी दिली. माझ्या टेबलासमोर रोज माणसं रडकुंडीला येतात आणि मी म्हणते, कसे वारस तुम्ही? कोणत्या हक्कानं? पुरावा आणा. आता मीच चार दिवस तो अर्ज समोर घेऊन बसले आणि पहिला रकाना भरता येईना. कशी वारस मी? खोट्या चुगलीनं वारस. चुगली खरी होती, पण ती दुसरीच्या नावावर चढली आणि त्या चढलेल्या नावावर मला दगड मिळाला. असा फेरफार माझ्या हाताखालच्या माणसानं केला असता तर मी त्याला घरी बसवला असता. आणि दगड कुठला, हे सांगणारं आता एकच माणूस उरलं होतं. म्हणून परवा रजा टाकून, दगड आणि अर्ज पिशवीत घालून अड्याळची एसटी धरली.

आत्याबाई ऐंशीच्या पुढं गेली आहे. डोळ्यांपुढं नुसता उजेड-अंधार कळतो. बाजेवर बसली होती, सुनेनं मला आत नेलं आणि चहा ठेवायला गेली. मी नमस्कार केला, आवाजावरून ओळखलं तिनं. "कोण, वहिनीची पोट्टी होय? ये, बस. किती वर्सानं!" मी दगड तिच्या तळहातावर ठेवला. बोटांनी एकदा फिरवला, टोकं मोजली, एक दोन तीन, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "अवं माय! हा तं वहिनीचा. नदीत नाही गेला का हा? भाऊ तं म्हने, टाकला."

मग तिनं सगळं सांगितलं, मला विचारावंही लागलं नाही. तुझी आई, माझी आजी, भिंती पोतायला पांढरी माती आणायची ती पवनीच्या जुन्या टेकडीवरून. सगळ्याच बाया तिथूनच आणत. एका खेपेला माती भिजत घातली तर घमेल्यात हा हाताला लागला. तीन टोकं पाहून आजी म्हणाली, माता आली घरी. मग दीक्षा झाली, सगळ्यांचे देव नदीत गेले, आजीनंही आपली टोपली नेली, पण हा एक कमरेला खोचून परत आणला, कारण हा वाडवडलांचा नव्हता, हा तिच्याकडं स्वतःहून आला होता. लग्नात तुझ्या शिदोरीत घातला. मी आत्याबाईला म्हटलं, ही माता नाही, हे बुद्धाचं चिन्ह आहे, त्या टेकडीखाली स्तूप होता तिथलं. ती एवढी हसली की खोकला लागला. "म्हंजे माह्या भाऊ बुद्धालेच नदीत टाकाले लावत होता काय! अवो बाप्पा! असता आज तं त्याले हासून हासून मारलं असतं मी." सून चहा घेऊन आली तर आम्ही दोघी डोळे पुसत होतो.

चहा झाला. मी निघायला उठले तशी तिनं माझं मनगट धरलं. "एक गोष्ट सांगून जा. तुह्या मायनं मरेपर्यंत माह्या हातचं पाणी नाही पेल्लं. मी काय केलतो? लय इचार केला मी. लगनात काही कमी पडलं का, कोणाजवळ काही बोललो का. मले काही सापडलं नाही. तुले माहीत हाये का?" माय, तिला माहीतच नव्हतं. आपण कशाची शिक्षा भोगली तेच तिला माहीत नव्हतं. आणि मी म्हटलं, "नाही, आत्याबाई. मले नाही माहीत."

दगड घेऊन स्टँडवर आले. बाजाराचा दिवस होता, भाजीच्या पाट्या घेऊन बाया बसल्या होत्या. भंडाऱ्याची गाडी लागली. माझ्यापुढची माणसं चढली, कंडक्टर म्हणाला, "बाई, येता का राहता?" मी एक पाय पायरीवर ठेवला आणि काढून घेतला. असं दोनदा केलं. तो वैतागला, घंटी मारली, गाडी गेली. मग मी तशीच तरातरा परत गेले, चपला काढायचंही सुचलं नाही, बाजेपुढं खाली बसले आणि सांगून टाकलं. ओसरी, प्रतिज्ञा, शाब्बास, ढोली, सूप. सांगताना रडले, पण मी रडले म्हणून काही त्याची किंमत वाढत नाही, ते मला माहीत आहे.

ती म्हणाली, "किती वर्सांची होती तू?" म्हटलं, नऊ. "नऊ वर्सांची पोट्टी होती, जाऊ दे. मंग मोठी झाली नाही का तू?" मी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "आन् मले सांगून आता काय होते? मी सांगितलं नाही हे मले ठाऊकच होतं. तिले सांगाचं होतं." मी म्हटलं, ती कुठं आहे आता. तर मान वळवून भिंतीकडं बघत म्हणाली, "नसन. तरी सांग. माहं नाव साफ कर तिच्याजवळ." म्हणून हे लिहिते आहे, माय. आत्याबाईनं सांगितलं नव्हतं. तिनं काहीच केलं नव्हतं. तुझी एकच मैत्रीण होती आणि ती मी तुझ्यापासून काढून घेतली.

तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिला देता आलं नाही, ते तुला देते. मोठी झाल्यावर का नाही सांगितलं? दवाखान्यात दगड मला दिल्यानंतर तू अकरा दिवस होतीस. रोज सकाळी मी तुझ्यासाठी पेज घेऊन यायची, चमच्यानं भरवायची. अकरा दिवस, बोलायला कोणी अडवत नव्हतं. मी स्वतःला सांगत आले की आजारी माणसाला कशाला दुखवायचं. लबाडी आहे ती. मी बोलले असते तर तू त्याच दिवशी आत्याबाईला बोलावून घेतलं असतंस, तिचा हात धरून रडली असतीस, आणि दगड तिच्या हातात दिला असतास. मला तो दगड पाहिजे होता. नऊ वर्षांची असताना पाहिजे होता, आणि तू पेज गिळत होतीस तेव्हाही पाहिजे होता.

अर्ज भरला आहे. कुठं सापडला, पवनीची टेकडी, पांढऱ्या मातीत. माहिती कोणी दिली, तिथं आत्याबाईचं नाव. या वेळी खरोखर तिनंच सांगितलं. धारकाच्या रकान्यातही तिचंच नाव आहे, खाली तिचा अंगठा घेतला आहे. स्टीलचा डबा रिकामा झाला. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, तर घडी घालून त्यातच ठेवीन. दगड मी माझ्या हातानं आत्याबाईच्या गळ्यात बांधून आले. सुनेकडून काळा दोरा मागून घेतला, तिनं हळदही आणून दिली. आत्याबाईनं मान पुढं केली, केस बाजूला धरले आणि म्हणाली, "गाठ नीट मारजो. वहिनी मारे तशी."

हो म्हटलं मी. पण माय, तिला दिसत नाही. मी निरगाठ नाही मारली, ओढली की सुटणारी सुरगाठ मारून आले.